शांत माणसाची खुर्ची

आरशांच्या कारखान्यात रागावणं हे धाडसाचं काम आहे. बाहेर माणूस रागावतो तेव्हा त्याचं तोंड फक्त समोरच्याला बघावं लागतं. इथे ते ज्याचं त्यालाही बघावं लागतं. तेही चारी भिंतींवर, लहानमोठ्या मापांत, आणि कोपऱ्यातल्या गोल आरशात तर जरा सुजून. तरीही कुकर रोज रागवायचा. याला चिकाटी म्हणतात.

कुकर हे नाव कामगारांनी ठेवलेलं. हा माणूस कारखान्याचा मॅनेजर आणि मालकांचा जावई. क्रमाने सांगायचं तर आधी तो इथे काचा उचलायला लागला, मग मॅनेजर झाला, आणि मालकांची मुलगी त्याच्याशी लग्नाला तयार झाली ती सगळ्यात शेवटी, बराच विचार करून. पण लोकांना गोष्ट शेवटाकडून सांगायला आवडते. 'सासऱ्याच्या जिवावर साहेब झालाय' हे वाक्य त्याच्या पाठीमागे बोललं जायचं, आणि आरशांच्या कारखान्यात पाठीमागे बोलणाऱ्याचे ओठ समोरच दिसतात. ते वाक्य त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलेलं होतं. ओरडताना तेवढं जरा हलायचं.

कारखान्यात कुठल्या कामाची किती घाई आहे हे कुठेही लिहिलेलं नसायचं. गरजच नव्हती, कुकर होता. तो नुसतं 'अरे!' म्हणाला तर काम आठवड्याभरात द्यायचंय. 'अरे, काय चाललंय काय!' म्हणजे परवा. 'मेलो!' म्हणजे आज. आणि 'मेलो, मेलो!' असं लागोपाठ दोनदा आलं तर गिऱ्हाईक दारात उभं आहे, हातातला चहा ठेवा आणि पळा. ही पद्धत कोणी बसून ठरवली नव्हती. पायवाट पडते तशी ती पडली होती. कुकरला स्वतःला तिचा पत्ता नव्हता. त्याला वाटायचं, आपण रागावतो. खरं तर तो कारखान्याचं वेळापत्रक होता.

आणि एके सकाळी मालकांनी त्याला वर बोलावलं.

मालकांची केबिन माळ्यावर होती, काचेची. आत एक फिरती खुर्ची, तिच्या एका हाताला चिकटपट्टी गुंडाळलेली. मालक तिच्यात कित्येक वर्षं शांत बसले होते. त्यांच्या शांततेच्या गोष्टी होत्या. एकदा छताचा एक तुकडा टेबलावर पडला, तर त्यांनी फक्त चहाचा कप बाजूला घेतला होता.

"जावईबापू," मालक म्हणाले, "मी आता थकलो. नाचाच्या शाळेचा मोठा आरसा बसला की मी ही खुर्ची सोडणार."

कुकरच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं.

"पण या खुर्चीचा एक नियम आहे. ज्याचा आवाज चढला तो इथून उतरला. त्या दिवसापर्यंत तुमच्या दोघांपैकी ज्याचा आवाज चढणार नाही, खुर्ची त्याची."

दोघांपैकी दुसरा म्हणजे मालकांचा मुलगा, कुकरचा मेहुणा. त्याला सगळे बाळ म्हणायचे. बाळचं वय अडतीस. तो त्या वेळी खाली, आरसे गुंडाळायच्या गोधड्यांच्या ढिगावर झोपलेला होता. शांततेच्या बाबतीत त्याला हरवणं कठीण होतं. ती त्याच्याकडे जन्मजात होती. पाळण्यातून काढलं तेव्हाही त्याने तक्रार केली नव्हती.

"बाबा, पण बाळ..." कुकर म्हणाला.

"आवाज," मालक म्हणाले.

"पण बाळ," कुकर कुजबुजला, "काहीच करत नाही हो."

"शांतपणे करत नाही," मालक म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी कुकरने शांतीवाल्या सरांचा वर्ग गाठला. 'नेत्याची आंतरिक शांतता' असा फलक होता. वर्ग व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर भरायचा. खाली कोणीतरी वजन टाकायचं, धाड् व्हायचं, आणि वर सतरंजीवर डोळे मिटून बसलेले सगळे नेते एकसाथ इंचभर उडायचे.

"नेता म्हणजे सरोवर," सर म्हणायचे. धाड्! "सरोवरात दगड पडला तर सरोवर दगडावर ओरडतं का?"

"नाही," सगळे नेते म्हणायचे.

"राग आला की त्याला पाहुण्यासारखं वागवा. बसा म्हणा. पाणी द्या. विचारा, काय काम काढलंत?" धाड्! सरांनी शेजारची काठी उचलली, जमिनीवर अत्यंत शांतपणे आपटली, आणि पुन्हा डोळे मिटले.

कुकर मन लावून शिकला. सरांनी आपल्या आवाजातलं ध्यान त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिलं. ते इयरफोनवर ऐकत तो कारखान्यात फिरू लागला. 'तुम्ही एक सरोवर आहात. तुमच्या काठावर कोणीही नाही.' पहिल्या दिवशी एकाने काच उलटी कापली. कुकरच्या कानशिलात पाहुणे आले. त्याने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि त्या माणसाला म्हणाला, "यातून आपण दोघंही काहीतरी शिकू."

तो माणूस बाजूला जाऊन बसला.

"काय म्हणाला?" बाकीच्यांनी विचारलं.

"शिकू म्हणाला."

"अरे देवा. किती दिवस दिलेत डॉक्टरांनी?"

संध्याकाळपर्यंत कारखान्याचं एकमत झालं की साहेबांचं काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर सफरचंदं आली. पारा चढवणाऱ्या विभागातल्या एका म्हाताऱ्याने कुकरचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. एक जण घुटमळत आला आणि म्हणाला, "साहेब, राग नाही ना येणार? तुमची सायकल... नंतर... कोणाला द्यायचं ठरलंय का?"

"सायकल हीसुद्धा एक माया आहे," कुकर म्हणाला.

"मग मला चालेल," तो म्हणाला.

इथवर ठीक होतं. पण काम बंद पडलं. कोणी मुद्दाम पाडलं नाही. सगळे जागेवर होते, फडकी हातात होती, चेहरे उत्सुक होते. पण 'अरे'ही येत नव्हतं आणि 'मेलो'ही येत नव्हतं, त्यामुळे कशालाच घाई नव्हती. न्हाव्याच्या दुकानाचे आरसे तसेच उभे. शिंप्याच्या ट्रायल रूमचा आरसा अर्धा घासून ठेवलेला. लोक आरशांतून कुकरच्या तोंडाकडे बघत बसायचे. पूर्वी तेवढ्यावर भागायचं. कान लाल दिसले की हात चालू व्हायचे. आता सगळ्या भिंतींवर एकच मंद हसू लावलेलं. नाचाच्या शाळेच्या आरशाला तर कोणी हातही लावला नव्हता.

कुकरने घरी जाऊन बायकोसमोर हे सगळं मांडलं, सरोवराच्या आवाजात.

"असं बोलू नका माझ्याशी," बायको म्हणाली, "शेजारी कोणी आजारी असल्यासारखं वाटतं."

"मी शांत राहिलो तर काम होत नाही. ओरडलो तर खुर्ची बाळला. बाबा कसे गं इतकी वर्षं शांत राहिले आणि कामही झालं?"

बायको ताटं पुसत होती. तिने एक ताट त्याच्यासमोर धरलं, जणू त्यात उत्तर वाढलंय.

"बाबांना काय धाड भरलीय शांत राहायला? त्यांच्या वाटचं ओरडायला तुम्ही होतात ना! ते वर बसून म्हणायचे, 'जरा बघा हो', आणि तुम्ही खाली येऊन बोंब मारायचात. तुमचा घसा, त्यांची शांतता. मला माहेरी असल्यापासून ठाऊक आहे."

कुकरने त्या ताटातल्या स्वतःच्या पुसट तोंडाकडे पाहिलं. शांतीवाल्या सरांनी इतके पैसे घेऊन जे सांगितलं नव्हतं, ते बायकोने भांडी पुसता पुसता सांगितलं. सरोवराला शांत राहायचं असेल तर काठावर कोणीतरी ओरडणारं लागतं.

असं माणूस कारखान्यात होतंच. गोधड्यांत आरसे गुंडाळायच्या कामावर एक बाई होत्या, त्यांना सगळे भोंगा म्हणायचे. त्यांनाही ते आवडायचं. त्या कुजबुजल्या तरी बाहेरच्या रस्त्यावरचं कुत्रं उठून बसायचं.

"बाई," कुकरने त्यांना बाजूला घेतलं, "तुम्हाला बढती. काम एकच. मी हळू बोलेन, तुम्ही ते मोठ्याने सांगायचं. मी जसा पूर्वी सांगायचो तसं."

"तसं म्हणजे, साहेब, आईबापांसकट?"

"आईबाप सोडून."

"मग जरा फिकं पडेल," भोंगाबाई म्हणाल्या, "पण बघते."

आणि काय सांगावं, कारखाना सुरू झाला! कुकर हाताची घडी घालून उभा राहायचा आणि मंद स्वरात म्हणायचा, "कडा घासताना थोडं लक्ष असावं, असं मला मनापासून वाटतं."

"अरे, काय चाललंय काय!" भोंगाबाई गरजायच्या. "डोळे आहेत का बटणं? कड आहे का करवत? गिऱ्हाइकाचं नाक कापून द्यायचंय का बरोबर?"

"आणि मी नाराज नाही, हेही सांगा."

"आणि साहेब नाराज नाहीत! पण मी आहे!"

म्हणजे परवा, हे सगळ्यांना कळलं. हात चालू लागले. न्हाव्याचे आरसे गेले. नाचाच्या शाळेचा आरसा कापला, घासला, त्याला पारा चढला. तो एवढा मोठा झाला की त्याच्यासमोर कारखाना दुप्पट दिसू लागला आणि दोन्ही कारखान्यांत बाळ झोपलेला दिसू लागला. कुकरला रात्री शांत झोप लागू लागली. माळ्यावरून मालक खाली बघत आणि मान हलवत. खुर्ची हाताच्या अंतरावर आली होती.

आणि इथे कुकरने चूक केली. ती चांगुलपणातून झाली, म्हणून जास्त महागात पडली.

भोंगाबाईंचा घसा बसायला आला होता. आरसा पोचवायच्या आदल्या दिवशी कुकरला त्यांची दया आली. त्याने आपला मोबाइल आणि इयरफोन त्यांच्या हातात दिले. "आज घरी जाऊन हे ऐका. जरा आराम पडेल. फार मनावर घेऊ नका, मलाच महिनाभर लागला."

भोंगाबाईंना पाचच मिनिटं लागली. काही माणसं जन्मतः गुणी असतात, त्यांना फक्त संधी मिळालेली नसते.

नाचाची शाळा तिसऱ्या मजल्यावर होती. आरसा लिफ्टमध्ये मावणार नव्हता, म्हणून जिन्याने. दोन्ही बाजूंनी तीन-तीन माणसं, पट्टे खांद्याला, काचेला चिकटवायच्या रबरी वाट्या हातात. पुढचे तिघं पाठमोरे चढत होते. अशा वेळी जिन्यावर उभं राहून 'उचल, वळ, थांब' ओरडणारं कोणीतरी लागतं. त्यासाठी कठड्याला लागून, वळण दिसेल अशा जागी भोंगाबाई होत्या. कुकर त्यांच्या मागे उभा होता, हाताची घडी, चेहऱ्यावर सरोवर. मालक खालच्या पायरीवर, निकाल द्यायला आलेले. आणि बाळ दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसला होता. तो लवकर पोचला होता, म्हणून त्याला झोप लागली होती.

आरसा वळणाकडे निघाला. पाठमोऱ्या तिघांना बाळ दिसत नव्हता. मागच्या तिघांना आरशात फक्त स्वतःचीच तोंडं दिसत होती.

"बाई," कुकर मंदपणे म्हणाला, "थांबायला सांगा."

भोंगाबाई वळल्या. त्यांच्या कानात इयरफोन होते. चेहऱ्यावर मंद हसू होतं. ते हसू त्याने महिनाभर स्वतःच्या तोंडावर पाहिलेलं होतं.

"मित्रांनो," भोंगाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मोरपिसासारखा होता, "क्षणभर थांबावंसं वाटतंय का कोणाला?"

कोणालाच वाटलं नाही. कोणाला ऐकूच गेलं नाही. आरसा आणखी एक पायरी चढला.

कुकरने घाईघाईने रागाला खुर्ची दिली. पाणी दिलं. काय काम काढलंत, असं विचारलं. पाहुणे म्हणाले, अहो, पुढच्या पावलाला पाठमोरा माणूस बाळवर पडणार, आरसा त्याच्यावर पडणार, आणि खालचे तिघं उद्या बायकोमुलांना तुकड्यातुकड्याने भेटणार. खाली मालक उभे होते, त्यांची मान किंचित वर झालेली. एक शब्द मोठ्याने, आणि खुर्ची गेली. न बोलता उभा राहिला तर खुर्ची नक्की. फक्त तिच्यावर बसून उरलेली माणसं मोजावी लागणार होती.

"मेलोऽऽ!" कुकर ओरडला.

महिनाभराचा साठा होता तो. जिन्यातल्या खिडक्या थरथरल्या. सहाही माणसं होती तिथे थिजली. पाठमोऱ्याची टाच बाळच्या कपाळापासून बोटभर अंतरावर थांबली. बाळने कूस बदलली.

खालून मालकांचा आवाज आला. "आवाज चढला, जावईबापू."

कुकरने स्वतःच्या आत डोकावून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. पाहुणे गेले होते, खुर्ची रिकामी, पाण्याचा पेला उपडा. घशातला काटासुद्धा कुठे दिसत नव्हता. इतकी खरीखुरी शांतता त्याने एकदाही सतरंजीवर अनुभवली नव्हती.

"चढला, बाबा," तो म्हणाला. "बरं. द्या बाळला."

आणि तो पायऱ्या उतरून मालकांच्या बाजूने दाराकडे निघाला.

मालकांनी वर पाहिलं. सहा माणसं आरसा धरून पुतळे झाली होती. सांगितल्याशिवाय ती हलणार नव्हती. भोंगाबाई एका काठ नसलेल्या पाण्यात उभ्या होत्या. कारखान्याचा वारस घोरत होता. आणि ज्याच्या घशावर मालक आयुष्यभर शांत बसले होते तो माणूस 'बरं' म्हणून चालला होता. आणि तो खरोखरच शांत होता, हे जास्त भयंकर होतं.

"जावईबापू," मालक म्हणाले. कुकर चालत राहिला.

"अहो, जरा..." कुकरने दाराच्या कडीला हात घातला.

"अरे थांब!" मालक किंचाळले. "मेलो! मेलो!"

दोनदा. लागोपाठ.

गिऱ्हाईक दारात उभं आहे, हे सहा जणांना कळलं. ते पळाले. एवढा आरसा घेऊन इतक्या वेगाने कोणी जिना चढला नसेल. बाळच्या डोक्यावरून तो अलगद गेला, पण शेवटच्या माणसाचा बूट त्याच्या अंगठ्यावरून गेला, आणि बाळ जन्मात पहिल्यांदा जागा झाला. त्याने जी आरोळी ठोकली तिच्यात अडतीस वर्षांची थकबाकी होती. आरसा वळताना मालकांना त्यात एक म्हातारा दिसला. लाल कान, वासलेलं तोंड, टोपी तिरकी. "हा कोण?" असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

तिसऱ्या मजल्यावर आरसा धाप टाकत भिंतीला टेकला. अखंड होता. नाचाच्या बाई धावत आल्या. समोर सहा घामाघूम माणसं, एक लंगडणारा वारस, मागोमाग वर येऊन पायरीवर बसकण मारलेला म्हातारा आणि खालून परत आलेला जावई. सगळ्यांची तोंडं लाल. त्यांच्यामधून एकच बाई मंद हसत, एकेक पाऊल टाकत वर आल्या.

"तुम्हीच मुख्य ना?" नाचाच्या बाईंनी भोंगाबाईंचे दोन्ही हात धरले. "किती शांत आहात हो तुम्ही!"

मालक नियमाचे पक्के होते. जिन्यावर त्या दिवशी कोणाकोणाचा आवाज चढला, हे त्यांनी मनात मोजलं. त्यांनी स्वतःला दोनदा मोजलं. मग त्यांनी भोंगाबाईंकडे पाहून एक दीर्घ श्वास सोडला. खिशातून केबिनची किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"बाबा!" बाळ एका पायावर म्हणाला.

"आवाज," मालक म्हणाले, पण त्यांचा स्वतःचा पार बसला होता.

घरी बायको दारातच उभी होती. "मिळाली का खुर्ची?"

"नाही. भोंगाबाईंना मिळाली."

तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "आणि तुम्ही?"

"मी खालीच. मला राहा म्हणाल्या. माझ्याशिवाय त्यांची शांतता टिकायची नाही म्हणे." तो बुटाची नाडी सोडता सोडता थांबला. "एक गोष्ट लक्षात आली का तुझ्या? त्या आपल्या कोणी लागत नाहीत. ना सासू, ना मावशी, ना आत्या."

"मग?"

"मग काय? नोकरी माझी मलाच मिळाली ना!"

तिने त्याच्या हातातला बूट घेतला आणि जागेवर ठेवला. हे तिने पूर्वी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरच्या खुर्चीने एकदा करकर केली आणि काचेमागून भोंगाबाईंनी बोट हलवून कुकरला वर बोलावलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, कारण तोंडाची सवय जात नाही, "चपलांच्या दुकानाचे खालचे आरसे आहेत ना, त्यांच्याबद्दल माझ्या काठावर जरा तरंग उठलाय."

"मोठा का लहान?"

"लहानच."

कुकर जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन उभा राहिला. चारी भिंतींवरची त्याची तोंडं एकसाथ उघडली.

"अरे!"

खाली सगळ्यांचे खांदे सैल झाले. आठवडा होता हातात. कोणीतरी चहा उकळायला ठेवला, आणि सायकलवाल्याने जड मनाने सफरचंद चावलं.